ओव्हाळ मॅडम आणि कुरणखिंडीची लाइन

ओव्हाळ मॅडमना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो आणि त्या जमिनीत होत्या. केबल टाकायला खणलेल्या चरात, पदर कमरेला खोचून, साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून त्या ताठ उभ्या होत्या आणि काठावरच्या ठेकेदाराला विचारत होत्या, "मी दिसते का?"

ठेकेदार नवा होता. मॅडमना बाहेर यायला हात हवा असेल असं वाटून तो वाकला आणि अदबीनं म्हणाला, "दिसता की मॅडम, चांगल्या दिसता."

"चांगली दिसते ना? मग खणा अजून. दिसेनाशी झाले की मला सांगा."

मॅडमची उंची बेताची आणि केबल साधारण तेवढीच खोल जायला हवी, असा खात्याचा नियम. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. ठेकेदार मंडळी मात्र साहेबांना दाखवायला म्हणून एक खड्डा नियमाबरहुकूम खणत आणि बाकीचा चर गुडघाभर. साहेब जीपमधून उतरत, त्या खड्ड्यात टेप सोडत, मान डोलावत आणि चहा घेऊन परत जात. पुढे कुणीतरी शेताला पाण्याचा पाइप टाकायला घेई आणि पहिल्याच कुदळीला केबल तुटे. मॅडम टेप नेतच नसत. त्या चरात उतरत आणि चरातूनच चालू लागत. ठेकेदाराच्या माणसानं काठानं त्यांच्याबरोबर चालायचं आणि जिथे जिथे मॅडमचा अंबाडा वर दिसेल तिथे तिथे चुन्याची फक्की टाकायची. त्या भागातल्या ठेकेदारांमध्ये "अंबाडा दिसला" म्हणजे काम नापास झालं, असा अर्थच रूढ झाला होता. ओव्हाळ सर, म्हणजे मॅडमचे यजमान, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. ते म्हणायचे, "आमच्या घरी उलटं आहे. मी दिसलो नाही की चौकशी होते."

मी टेलिफोन खात्यात नकाशे काढायचो. ऑफिस स्वारगेटजवळ, घर कसब्यात, आणि माझा सगळा प्रवास या दोन टोकांमधला, तोही पायी. खडकवासल्याला गेलो तरी परदेशी जाऊन आल्यासारखं चार दिवस सांगत सुटायचो. खेड्यांपर्यंत फायबर न्यायची योजना आली, मॅडम तिच्या प्रमुख झाल्या आणि माझ्या या सुखाला दृष्ट लागली. मी काढलेली पहिलीच रेघ त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिली.

"ही वाट आपण चालून पाहिलीत?"

"नाही मॅडम, नकाशावरून काढलीय."

"नकाशावर धाप लागत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी या. चपला नकोत, बूट घाला."

त्या दिवसापासून मी बूट घालायला लागलो ते आजतागायत.

दिवस मोठे विचित्र होते. शहराच्या एका बाजूला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथली पोरं अमेरिकेशी अशी बोलत जणू ती शेजारच्या खोलीत बसलीय. आणि सिंहगडाला वळसा घालून पलीकडे गेलं, की एखाद्या वाडीत विशिष्ट दगडावर उभं राहिल्याशिवाय मोबाइलला रेंज येत नसे. त्या दगडाला लोक नंबर लावून उभे असत. मागचा माणूस पुढच्याला म्हणायचा, "आटप लवकर, माझ्या भावाला ॲडमिट केलंय." आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. मॅडम चालत्या जीपमधून मान वळवून तो दगड दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या.

मॅडम एकूण कमीच बोलत. शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना "आपण". आवाज चढवणं नाही. राग आला की चष्मा काढून पदरानं पुसत. आमच्या ऑफिसात चष्मा निघाला की लोक आपापली टेबलं आवरायला लागत. कुणी काम झाल्याचं सांगायला आलं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "सांगू नका, दाखवा." या तीन शब्दांनी आमच्या खात्यातल्या कितीतरी रंगतदार गोष्टी सुरू होण्याआधीच संपवल्या.

एकदा आमच्या कसब्यातलेच एक गृहस्थ, निवृत्त हेडक्लार्क, घरचं इंटरनेट बंद पडलं म्हणून तक्रार घेऊन आले. भिंतीवर मी काढलेला मोठा नकाशा लावला होता. तो त्यांनी काठी टेकून निरखला. "हे सगळं खेड्यापाड्यात नेताय वाटतं? तिथे कुणाला लागतंय हायस्पीड इंटरनेट? म्हशीला ईमेल करायचाय का?"

मॅडम रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "आपण कशासाठी घेतलंय?"

"नातू अमेरिकेत असतो. रोज बोलतो माझ्याशी, तोंड दिसतं त्याचं."

"खेड्यातल्या लोकांचे नातू पुण्यात असतात. त्यांचीही तोंडं बघण्यासारखी असतील. आपली तक्रार लिहून घेतलीय. या आपण."

आमच्या पेठेतल्या माणसाला पेठेच्याच भाषेत, आणि तेही धायरीहून येणाऱ्या बाईनं गप्प केलेलं मी प्रथमच पाहत होतो. मला मनातून फार आनंद झाला, कारण हे गृहस्थ आमच्या वाटेत स्कूटर लावत.

मॅडमच्या पर्समध्ये कायम केबलचा वीतभर तुकडा असे. त्यामागचं कारण चोऱ्या. जुन्या टेलिफोन केबलमध्ये तांबं असायचं आणि ते भंगारात जायचं. फायबरमध्ये तांबं नसतं, असते काच. पण चोराला ते केबल कापल्यावर कळणार. तोवर गावाची लाइन गेलेली. यावर पोलिसात तक्रार करणं, पहारा बसवणं असे उपाय खात्यानं करून पाहिले होते. मॅडमनी वेगळंच केलं. काम सुरू करण्याआधी त्या गावात जायच्या, देवळापुढे किंवा शाळेच्या पटांगणात माणसं जमवायच्या आणि सगळ्यांसमोर केबल सोलायच्या. वरचं काळं साल, मग धागे, मग रंगीत नळ्या आणि शेवटी केसासारखी बारीक काच. ती हातोहात फिरवायची. "नीट बघून घ्या," त्या सांगत, "आणि ज्याचा भंगाराचा धंदा असेल त्याला तर आधी दाखवा. यातून काही निघत नाही."

एका गावात एक म्हातारी तो धागा डोळ्याजवळ धरून म्हणाली, "मंग ह्याच्यातनं आवाज जातो तरी कशानं गं बाई?"

"उजेडानं जातो, मावशी."

"आत्ता! आमच्या गावात उजेड तर रोजच जातोय!"

सगळं गाव हसलं. सर्वांत जास्त मॅडम हसल्या. त्या हसल्या की खांदे हलत आणि आवाज मात्र अजिबात येत नसे.

त्यांचे वडील याच खात्यात मजूर होते. शहरात चर खणायचे. मॅडमनी हे कधी मिरवलं नाही आणि लपवलंही नाही. एकदा एका वरिष्ठांनी त्यांना सुचवलं, की बाईमाणसानं चरात उतरणं बरं दिसत नाही, हाताखाली माणसं आहेत. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या घरात चरात उतरायची सवय आहे, सर. काठावर उभं राहणारी मीच पहिली."

आता कुरणखिंडीबद्दल. कुरणखिंड हे त्यांचं मूळ गाव, धरणाच्या पाण्याला वळसा घालून डोंगराच्या कुशीत बसलेलं. त्यांचं लहानपण तिथल्या वस्तीवर गेलं. वस्ती म्हणजे गावाबाहेर, ओढ्याच्या अल्याड, बौद्ध समाजाची पंधरावीस घरं. योजनेच्या यादीत कुरणखिंड अगदी शेवटी होतं आणि मॅडमच्या निवृत्तीलाही थोडेच महिने उरले होते. गावात शिरायला दोन वाटा होत्या. एक देवळाकडून, रुंद आणि लांब. दुसरी वस्तीवरून, ओढा ओलांडून जाणारी आणि जवळची. मी दोन्ही रेघा काढून दिल्या. मॅडमनी वस्तीवरच्या रेघेवर खूण केली.

बैठकीत एक साहेब हसत हसत म्हणाले, "काय मॅडम, माहेरची वाट धरलीत?"

मॅडमनी चष्मा काढला नाही. नकाशा त्यांच्यापुढे सरकवला. "याहून जवळची वाट असेल तर दाखवा."

साहेबांनी थोडा वेळ नकाशा पाहिला आणि चहा मागवला.

त्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्या लहान असताना गावात वीज आली. खांब उभे करत करत माणसं पारापर्यंत आली आणि तिथे थांबली. पार ते वस्ती हाकेचं अंतर. विचारायला गेलेल्यांना सांगितलं, तारा संपल्या. "मग आम्ही पोरं पारावरच्या दिव्याखाली अभ्यासाला जायचो. पारावर नाही बसायचो, जरा लांब, जिथवर उजेड पोचायचा तिथे." एवढं सांगून त्यांनी मला भाकरीचा चतकोर वाढला आणि ठेचा पुढे केला. मी तो खाल्ला. तोंडात तिखट होतं हे बरंच झालं, डोळ्यांत पाणी का आलं ते सांगावं लागलं नाही.

कुरणखिंडीची केबल वस्तीवरून गावात गेली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर यंत्राची पेटी बसली, त्यात हिरवे दिवे लुकलुकायला लागले आणि तिथून घरोघरी तारा गेल्या. वस्तीतलं पहिलं कनेक्शन वैशालीनं घेतलं. वैशाली ही मॅडमच्या चुलतभावाची सून. पुण्यात ती एका कंपनीत कामाला होती. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलून ठेवतात ते ऐकून टाइप करायचं, असं काम. सासूला अर्धांगवायू झाला, नवरा टेम्पो घेऊन आठवडा आठवडा बाहेर, पदरात लहान मुलगी. नोकरी सोडून तिला गावी यावं लागलं होतं. लाइन आली तशी कंपनीनं तिला घरून काम करून पाहायला परवानगी दिली. मॅडम त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटत होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सून कामाला लागली."

पण पहिल्याच दिवसापासून लाइन जायला लागली. दिवसा झकास चाले आणि संध्याकाळ उलटून अंधार पडला की बंद. वैशालीचं काम नेमकं संध्याकाळचं, कारण तिकडच्या डॉक्टरांचा दिवस आपल्या संध्याकाळी उगवतो. आमची माणसं सकाळी गावात पोचायची, यंत्र लावून केबल इकडून तिकडून तपासायची, सगळं ठीक. जोड उघडून पुन्हा केले. पेटी बदलून पाहिली. माणसं पुण्याला परत पोचेपर्यंत लाइन पुन्हा गेलेली. एखाद्या दिवशी मात्र रात्रभर चाले, मग आशा वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीनं वैशालीला कळवलं, की महिनाअखेरपर्यंत बघू. तोवर सुधारलं नाही तर पुण्याला येऊन काम करा, नाहीतर सोडा. पुण्याला यायचं तर अंथरुणाला खिळलेल्या सासूला आणि मुलीला कुणावर सोडायचं? तेव्हा प्रश्न उघड होता. लाइन टिकली नाही तर वैशालीची नोकरी जाणार. आणि त्याच महिनाअखेरीला मॅडमही निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे कुरणखिंडीची तक्रार कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहील हे आम्हाला सांगायची गरज नव्हती.

हळूहळू कुजबुज सुरू झाली. दिवसा चालते आणि अंधारातच जाते म्हणजे कुणीतरी मुद्दाम करतंय. केबल वस्तीवरून गेली ते गावातल्या काही जणांना खुपतंय. आमच्याच एका माणसानं हे मॅडमच्या टेबलापाशी येऊन सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "सांगू नका, दाखवा" हे त्या दिवशी मॅडम म्हणाल्या नाहीत. मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

महिना संपायला चारसहा दिवस उरले असताना त्या मला म्हणाल्या, "जोशी, आज दुपारी निघू. संध्याकाळी तिथे असू. रेघेचा नकाशा घ्या. कुठे तोडतात ते मला समोर बघायचंय."

वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पाणी उजवीकडे चकाकत होतं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "तेव्हा तारा संपल्या म्हणाले होते. आता काय संपलं म्हणतील?" मी मांडीवरचा नकाशा विनाकारण उलगडला आणि पुन्हा मिटला. आमची पेठ कधीच खांबांच्या रांगेच्या शेवटाला नव्हती.

आधी वस्तीवर वैशालीकडे गेलो. पुढच्या खोलीत कॉटवर सासू, तिच्या उशाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. वैशाली कानाला हेडफोन लावून बसलेली, मुलगी तिच्या पायाशी भातुकली मांडून. "आत्या, आत्ता चालू आहे," ती म्हणाली, "पण अजून तासदोन तासांनी बघा." तिचा आवाज अगदी थकलेला होता. मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "चला, दुसऱ्या टोकाला जाऊ. पंचायतीत."

ग्रामपंचायत बंद व्हायची वेळ झाली होती. सोपानराव शिपाई आवराआवर करत होते. वयस्कर माणूस, टोपी स्वच्छ, पायजमा गुडघ्यावर ठिगळाचा. आम्हाला त्यांनी नमस्कार केला, बसायला खुर्च्या दिल्या आणि आपलं काम पुढे चालू ठेवलं. खिडक्या लावल्या. फळ्यावरची तारीख पुसून उद्याची लिहिली. महापुरुषांच्या तसबिरींवरून फडका फिरवला. मग खुंटीवरचा धुतलेला टॉवेल काढला आणि आमच्या यंत्राच्या पेटीवर अलगद पांघरला, लहान मूल झोपवावं तसा. आणि कोपऱ्यात जाऊन मेन स्विचचा दांडा खाली ओढला.

खोलीत अंधार झाला. टॉवेलच्या खालून हिरवे दिवे अजून लुकलुकत होते, कारण पेटीत बॅटरी होती.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "सोपानराव, हे आपण रोज करता?"

"रोज, बाई. एक दिस चुकलो न्हाई. मागं वायर जळून हापिसातली समदी कागदं गेली, तवापासनं सरपंचांचा हुकूम हाय. हापिस बंद, की मेन बंद." मग पेटीकडे बोट करून मायेनं म्हणाले, "ह्ये बी दिसभर राबतंय. तापतंय बिचारं. म्हनून पांघरून घालतो. मुक्कामाला साहेब आलं, मीटिंग लांबली, तर ऱ्हातंय मेन चालू. न्हाईतर न्हाई."

मी मॅडमकडे बघितलं. त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या होत्या. "थांबू आपण," त्या म्हणाल्या. आम्ही पायरीवर बसलो. सोपानरावांनी घरून चहा आणला. चहा झाला, पारावर माणसं जमली, आमच्याकडे बघून गेली, देवळात घंटा वाजली. अंधार दाटला आणि मग त्या पेटीतले हिरवे दिवे एकामागून एक विझले. थोड्या वेळानं ओढ्याकडून टॉर्चचा झोत हलत हलत आला. वैशाली धापा टाकत आली होती. "आत्या, गेली बघा!"

मॅडम हसायला लागल्या. खांदे हलायला लागले, हलतच राहिले. पदर तोंडाला लावला, चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. वैशाली घाबरून माझ्याकडे पाहत होती. आम्ही शिकलीसवरलेली माणसं महिनाभर काच तपासत बसलो होतो आणि बटणाकडे कुणी पाहिलं नव्हतं, हे हसण्यासारखं होतंच. पण मॅडम त्याला हसत नव्हत्या.

"अहो जोशी," त्या म्हणाल्या, "कुणी तोडलं नव्हतं हो. कुणीच नाही. पांघरूण घालत होते!"

त्यांचा आवाज इतका हलका मी कधी ऐकला नव्हता. लहानपणापासून उरावर ठेवलेलं काहीतरी त्यांनी त्या पायरीवर उतरवून ठेवलं असं मला वाटलं, आणि मलाही फार बरं वाटलं. घाटातून येताना गावाबद्दल माझ्या मनात जे जे येऊन गेलं होतं त्याचं काही कारण उरलं नव्हतं.

सोपानराव मात्र कावरेबावरे झाले होते. "काय चुकलं का बाई माझं?"

"काही चुकलं नाही. आपण हुकूम पाळलात. फक्त हे यंत्र रात्रीही जागं राहायला लागतं."

"समदी रात?" सोपानरावांना ते पटेना. "मंग त्यानं इसावा कवा घ्यायचा?"

"मी या महिन्यात रिटायर होतेय," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या वाटणीचा मी घेते."

तरी सोपानरावांनी मेन वर केला नाही. सरपंचांनी सांगितल्याबिगर जमायचं नाही, आणि सरपंच तालुक्याला गेलेले. मॅडमना त्यांचं हे वागणं आवडलं, त्यांनी जोर केला नाही. दुसऱ्या दिवशी सरपंचांशी फोनवर बोलणं झालं. कागदं जळाल्याची त्यांची भीती खरी होती, तेव्हा मेन चालू ठेवायला ते तयार नव्हते. मॅडमनी वेगळी तार सुचवली, मीटरपासून थेट पेटीपर्यंत, मेन बंद केला तरी चालू राहणारी. सरपंच हो म्हणाले. मंजुरी, सामान, माणूस हे सगळं जमता जमता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मॅडमच्या ओळखीचा धायरीचा वायरमन त्या दुपारी कुरणखिंडीला पोचला. वैशालीला कंपनीनं त्या संध्याकाळचं पूर्ण काम दिलं होतं. ते वेळेत झालं तर नोकरी राहणार होती.

आणि त्याच संध्याकाळी ऑफिसात मॅडमचा निरोप समारंभ होता.

आमच्याकडचे समारंभ ठरल्या वेळी सुरू होत नाहीत आणि कुठल्याच वेळी संपत नाहीत. शाल झाली, नारळ झाला, समोसे वाटून झाले, भाषणं चालू झाली. मॅडम पहिल्या रांगेत, शेजारी ओव्हाळ सर, मागच्या खुर्चीवर मी. "माहेरची वाट" म्हणणारे साहेब माइकवर होते आणि मॅडमच्या निःपक्षपातीपणाची मनापासून स्तुती करत होते. मॅडम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. बॅटरी संपायची वेळ होऊन गेली होती. वैशालीकडे त्याच लाइनवरचा फोन होता. लाइन गेली असेल तर तो वाजणारच नव्हता. मॅडमनी मोबाइल काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा पर्समध्ये टाकला. ओव्हाळ सर हळूच म्हणाले, "करून टाक एकदाचा. नाहीतर साहेबांचं भाषण तुला ऐकू येणार नाही."

त्यांनी नंबर लावला आणि पदराआड फोन कानाला धरला. मी खुर्ची पुढे ओढली. साहेब निष्ठेबद्दल बोलत होते.

फोन वाजला. मलासुद्धा मागे ती घंटी ऐकू आली, एकदा, दोनदा, मग बरेचदा. मग उचलला गेला आणि पलीकडून वैशालीचा आवाज आला, घाईतला, जरा वैतागलेलाच.

"आत्या, काम चालू आहे माझं! किती राहिलंय अजून! नंतर करा ना!"

आणि तिनं फोन ठेवून दिला.

मॅडमनी फोन खाली घेतला. थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते आणि चेहरा असा फुलला होता, की साहेबांना वाटलं आपलं भाषण लागलं, ते आणखी जोरात बोलायला लागले.

"हाकललं मला," मॅडम म्हणाल्या. "जोशी, सुनेनं हाकललं मला!" आणि समोर तशीच ठेवलेली समोशाची बशी उचलून त्यांनी सावकाश खायला सुरुवात केली.